माळ्याची परिभाषा आणि महाविद्यालयाची पदवी
(पुण्यातील उद्यानविद्येच्या शिक्षणासंबंधी काही विचार)

'उद्यानविद्या' हा शब्द आज विद्यापीठीय व्यवहारात इतका रुळला आहे की, तो घडविलेला शब्द आहे ह्याचे स्मरण सहसा कोणास राहत नाही. इंग्रजी संज्ञेतील बाग ह्या अर्थाच्या 'होर्टुस' ह्या लॅटिन घटकासाठी संस्कृत 'उद्यान' योजले गेले, आणि शब्द सिद्ध झाला. परंतु मराठी माणसाच्या लेखी उद्यान म्हणजे संध्याकाळी फिरावयास जाण्याची जागा. आंब्याच्या किंवा डाळिंबाच्या बागेस तो उद्यान म्हणत नाही. बरे, 'बागाईत' म्हणावे, तर महसुली दप्तराने तो शब्द ओलिताच्या जमिनीसाठी केव्हाच अडकवून टाकला आहे. जिराइताच्या विरुद्ध ते बागाईत, मग तेथे ऊस असो की केळी. तेव्हा ज्या विद्येचा येथे विचार करावयाचा, तिच्या नावापासूनच दोन मराठी बोलींमधील अंतर सुरू होते : एक महाविद्यालयाची, दुसरी बागेची. ही विद्या शिकून ज्यांनी उपजीविका करावयाचे योजिले, त्यांच्या वाट्यास ह्या अंतराने काय आले, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पुण्यात शेतकीचे उच्च शिक्षण १८७९ साली सुरू झाले. पुढे 'कॉलेज ऑफ सायन्स' म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संस्थेत त्यासाठी वर्ग उघडण्यात आला. बागकामाच्या प्रत्यक्ष शिक्षणास जवळच एक उत्तम स्थळ उपलब्ध होते. गव्हर्नरसाहेबांच्या निवासस्थानाशेजारी गणेशखिंडीत १८७३ साली वनस्पती-उद्यान स्थापन झालेले होते. ह्या उद्यानाचे अधीक्षक मार्शल वुड्रो हे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे व्याख्यातेही होते. भारतातील बागकामावरील त्यांच्या ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि १९०४ साली आंब्याची लागवड व जाती ह्यांवर त्यांचे स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध झाले. ही पुस्तके अर्थातच इंग्रजीत होती. वर्गातील भाषाही तीच.

वर्ग सुरू झाल्यावर तीन वर्षांनी, १८८२ साली, त्याच पुण्यातून जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात शेतीचे मूलभूत ज्ञान असावे, अशी एक सूचना त्यात आहे. हे घराणे माळ्यांचे. फुलांच्या व्यवसायावरूनच त्यास 'फुले' हे नाव पडले. बागेत वाढलेला हा मनुष्य शेतीच्या विद्येची मागणी प्राथमिक शाळेत, म्हणजे मराठीत, करीत होता, आणि सरकार ती विद्या महाविद्यालयात इंग्रजीतून देत होते. दोघांचा हेतू वाईट होता असे नाही. परंतु ज्या मुलास इंग्रजी येते त्यास फावडे धरावयाचे नसते, आणि ज्याच्या हाती फावडे आहे त्यास इंग्रजी येत नाही, ही अडचण तेव्हाच उभी राहिली होती.

१९०७-०८ च्या सुमारास शेतकीचे स्वतंत्र महाविद्यालय उभे राहिले. त्याचे प्राचार्य हॅरल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ, तथापि पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर ह्या गावाच्या जमिनीचे व कुटुंबांचे त्यांनी केलेले सर्वेक्षण (१९१७) अर्थशास्त्राचे विद्यार्थी अद्यापि वाचतात. ह्याच काळात मुंबई इलाख्यात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी देशी भाषेतून शिक्षण देणाऱ्या शेतकी शाळा निघाल्या. त्यांतील लोणीची शाळा इतकी नमुनेदार ठरली की, लिनलिथगो आयोगाच्या १९२८ च्या अहवालात अशा शाळांना 'लोणी पद्धती' असेच नाव मिळाले. साधारण शाळेतच शेतीचा विषय जोडणारी 'पंजाब पद्धती' ही तिची प्रतिस्पर्धी होती. महाविद्यालयाकडे येणाऱ्यांच्या मनात मुख्य ओढ सरकारी नोकरीची असते, ही गोष्ट त्या काळच्या चर्चेत वारंवार आढळते. हिचा दोष केवळ विद्यार्थ्यांच्या माथी मारणे योग्य नव्हे. ज्याला वडिलांची दहा एकर विहिरीखालची जमीन नाही, त्याने पदवी घेऊन बाग लावावी कोठे ?

आता परिभाषेकडे वळू. फळझाडांचा 'बहार धरणे' ही दख्खनमधील व वऱ्हाड-नागपुराकडील एक जुनी क्रिया आहे. संत्रे, मोसंबे, डाळिंब किंवा पेरू ही झाडे मोकळी सोडली तर वर्षातून एकाहून अधिक वेळा थोडथोडी फुलतात, आणि कोणतेच पीक भरघोस येत नाही. म्हणून माळी झाडास ताण देतो. पाणी तोडतो, आळी खणून मुळांना ऊन दाखवितो, पाने पिवळी पडून गळू लागली की खतमाती करून पाणी सोडतो, आणि मग झाड एकदम फुलते. जानेवारी-फेब्रुवारीत, आंबा मोहरतो त्या सुमारास, फुलविला तर 'आंबे बहार' (विदर्भात 'आंबिया'), मृग नक्षत्रावर फुलविला तर 'मृग', आणि हस्तावर 'हस्त बहार'. शब्द फारसी, कालगणना पंचांगाची, क्रिया मातीतली. कोणत्या बहाराचे फळ बाजारात केव्हा उतरेल, त्या वेळी भाव काय असेल आणि उन्हाळ्यात विहिरीस पाणी किती राहील, ह्या सर्वांचा हिशेब त्या एका निवडीत असतो. भारी काळ्या जमिनीत ताण अधिक दिवस द्यावा लागतो आणि हलक्या जमिनीत थोडक्यात भागते, हेही माळ्यास ठाऊक असते. झाड फुलावे परंतु मरू नये, इतकेच तोडणे ही खरी विद्या.

इंग्रजीत ह्या क्रियेस शब्द नव्हता, कारण इंग्लंडातील सफरचंदास ताण देण्याचे काम थंडीच करते. म्हणून इंग्रजी पाठ्यपुस्तकांनी आपला शब्द जसाच्या तसा उचलला. आजही भारतीय उद्यानविद्येच्या इंग्रजी ग्रंथांत 'बहार ट्रीटमेंट' हे प्रकरण असते, आणि त्यात मृग व हस्त ही नक्षत्रे रोमन लिपीत तिरप्या टाइपात अवतरलेली दिसतात. परिणाम मोठा चमत्कारिक झाला. जो शब्द विद्यार्थ्याने लहानपणी बांधावर ऐकला होता, तोच त्याने पदवीच्या वर्गात परकीय वाक्यरचनेत बसवून पुन्हा पाठ केला आणि उत्तरपत्रिकेत लिहिला. 'गुटी' ह्या शब्दाचा प्रवासही असाच. फांदीची साल काढून तेथे ओली माती बांधून मुळे आणविण्याच्या ह्या रीतीचे नाव आंग्ल बागाईतकारांनी बंगालकडून घेतले, आणि आमच्या विद्यार्थ्यास ते इंग्रजी पुस्तकातून परत मिळाले.

ह्यावरून माळ्याची भाषा शुद्ध देशी होती असे कोणी अनुमान काढू नये. तिच्याइतकी मोकळ्या मनाची मराठी दुसरीकडे क्वचितच सापडेल. 'काजू' आणि 'अननस' पोर्तुगिजांबरोबर आले. 'हापूस' म्हणजे आफॉन्सो, आणि 'मुसराद' म्हणजे मोन्सेराते. 'कलम' हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ बोरू. काडीस दिलेला तिरका छेद बोरूच्या टोकासारखा दिसतो, त्यावरून तो झाडाकडे गेला असावा, असे मला वाटते. मराठीत कारकुनाचे, वकिलाचे आणि माळ्याचे पोट ह्या एकाच शब्दावर चालते, ही मौज आहेच. पण शेतकीची पदवी घेणाऱ्यास पहिले कलम हवे होते आणि अभ्यासक्रम तिसऱ्याचा होता, हेही तितकेच खरे. सांगावयाचा मुद्दा हा की, फारसी, अरबी व पोर्तुगीज पचविणाऱ्या भाषेस वनस्पतिशास्त्राच्या पाचपन्नास संज्ञा जड गेल्या असत्या, हे म्हणणे टिकणारे नाही. मराठीतून पदवी नव्हती ह्याचे कारण भाषेत नव्हते.

महाविद्यालयीन विद्येने बागेस काही दिले नाही असे म्हणणे मात्र कृतघ्नपणाचे होईल. बर्न्स व प्रयाग ह्यांचे आंब्यावरील पुस्तक १९२१ चे. चीमा, भट व नाईक ह्यांचा व्यापारी फळांवरील ग्रंथ १९५४ चा. ह्यांपैकी चीमा हे मुंबई सरकारचे उद्यानविद्यातज्ज्ञ. आळंदीच्या डाळिंबाच्या रोपांतून मऊ बियांची एक जात गणेशखिंडीत १९३६ साली त्यांनी निवडली, आणि तीच पुढे 'गणेश' ह्या नावाने महाराष्ट्रभर पसरली. 'पांढरी साहेबी' द्राक्षाच्या रोपांतून निवडलेल्या वेलास 'चीमा साहेबी' हे नाव मिळाले. भाषेच्या अभ्यासकास हे नाव बोलके वाटेल. फारसी वळणाचे 'साहेबी' कायम राहिले, 'पांढरी' हे मराठी विशेषण गळाले आणि त्या जागी संशोधकाचे पंजाबी आडनाव बसले. ती रोपे ज्यांनी पाणी घालून वाढविली, त्या माळ्यांपैकी कोणाचे नाव कोणत्याही वेलास मिळालेले नाही.

राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी आणि दापोली (१९७२) येथील कृषी विद्यापीठांनंतर ह्या शिक्षणाचा विस्तार झाला, आणि रोजगार हमीशी जोडलेल्या १९९० च्या फळबाग योजनेने बागा कोरडवाहू मुलखात पोहोचविल्या. पदवीधरास सरकारी खात्याखेरीज रोपवाटिका, निर्यात, बी-बियाणे व खते ह्यांचे व्यापार, द्राक्ष बागाईतदारांचा सल्लागार असे नवे मार्ग खुले झाले. हा बदल लहान नाही. पण शिक्षणाच्या पायऱ्या पाहिल्या तर जुनी रेषा जागच्या जागी आढळते. पदवी इंग्रजीतून, तिच्याखालची पदविका मराठीतून, आणि सर्वांत खालचे 'माळी प्रशिक्षण' अर्थातच मराठीतून. भाषा बदलली की हुद्दा बदलतो.

पदवीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यास काही महिने खेड्यात शेतकऱ्यांबरोबर काढावे लागतात. तेथे त्याने शिकलेले मराठीत सांगावयाचे असते. अशा एका द्राक्षाच्या गावी विद्यार्थ्यांनी भिंतीवर लावलेले तक्ते मी पाहिले. 'फाउंडेशन प्रूनिंग' ह्याचे 'पायाभूत छाटणी' असे भाषांतर त्यांनी मोठ्या कष्टाने केले होते. एका म्हाताऱ्या बागाईतदाराने ते दोनदा वाचले आणि "म्हणजे आमची खरडच की," असे म्हणून तो निघून गेला. एप्रिलच्या छाटणीस 'खरड' आणि ऑक्टोबरच्या छाटणीस 'गोडी' म्हणतात, हे त्या विद्यार्थ्यांपैकी दोघांना घरूनच ठाऊक होते. तक्त्यावर ते का लिहिले नाही, असे विचारता, "सर, ते शास्त्रीय वाटत नाही," असे उत्तर मिळाले.