न हलणारा ठिपका

प्रवासी विमान आणि छोटे खासगी विमान यांची टक्कर थोडक्यात टळली की पहिला प्रश्न हमखास येतो: वैमानिकाला दिसले कसे नाही? प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो तपासाला भलत्याच वाटेला लावतो. अमेरिकी व्याख्येनुसार दोन विमाने 500 फुटांपेक्षा जवळ आली की ती ‘थोडक्यात टळलेली टक्कर’ ठरते. 250 नॉट वेगाचे जेट एवढे अंतर सव्वा सेकंदाच्या आत कापते. इतक्या जवळ आल्यावर टाळण्यासारखे फारसे काही हातात उरत नाही.

डोळ्यांची मर्यादा आधी नीट समजून घ्यावी लागते. दोन विमाने सरळ रेषेत, आपापल्या स्थिर वेगाने, एकाच क्षणी नेमक्या एकाच बिंदूवर पोहोचणार असतील, तर प्रत्येकाच्या काचेवर दुसरे विमान एकाच जागी दिसत राहते. सरकते ते विमान बहुधा बाजूने निघून जाणार असते. धडकणारे मात्र सरकत नाही. आपली नजर हालचाल चटकन टिपते, त्यामुळे सगळ्यात धोकादायक ठिपकाच सगळ्यात कमी लक्ष वेधतो. काचेच्या चौकटीआड गेला, तर तो शेवटपर्यंत तिथेच दडून राहू शकतो.

आता हिशेब पाहू. दिसलेली वस्तू ओळखून विमान वळवेपर्यंत साधारण साडेबारा सेकंद जातात, असे अमेरिकी विमान प्रशासनाचे मार्गदर्शन सांगते. दोन्ही विमाने मिळून 300 नॉटने जवळ येत असतील, तर तेवढ्या वेळात ती सुमारे 1,900 मीटर अंतर तोडतात. सेस्ना 172 या छोट्या विमानाच्या पंखांचा विस्तार 11 मीटर. त्या अंतरावरून तो पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासापेक्षाही लहान दिसतो. समोरून पाहिल्यास पंख म्हणजे नुसती रेघ. अंतर निम्मे झाले की आकार दुप्पट होतो, म्हणजे ठिपका खऱ्या अर्थाने फुगतो तो अखेरच्या काही सेकंदांत.

25 सप्टेंबर 1978 रोजी सॅन डिएगोत पीएसए कंपनीच्या बोइंग 727 च्या वैमानिकांना पुढच्या सेस्नाची सूचना मिळाली होती. त्यांनी ते पाहिले, मग ते नजरेआड झाले, आणि ते मागे पडले असावे असा त्यांचा समज झाला. प्रत्यक्षात ते पुढे, खालच्या अंगाला, शहराच्या घरांच्या पार्श्वभूमीत मिसळून गेले होते. नियंत्रण केंद्रातला इशारा टकरीच्या 19 सेकंद आधी वाजलाही. पण जेटला समोरचे विमान दिसले आहे, या भरवशावर जेटला वळवले गेले नाही. 144 माणसे गेली. एकदा ‘दिसले’ म्हटले की बाकीची यंत्रणा सैल पडते, हे मला या अपघातातले सर्वांत गंभीर सत्य वाटते.

31 ऑगस्ट 1986 चा सेरिटोसचा अपघात दुसरी बाजू दाखवतो. टोरन्सहून निघालेले पायपर आर्चर हे छोटे विमान परवानगीविना लॉस एंजेलिसच्या नियंत्रित हवाई क्षेत्रात शिरले आणि सुमारे 6,500 फुटांवर एरोमेक्सिकोच्या डीसी-9 ला धडकले. आकाश निरभ्र होते. पायपरमध्ये रडारला उत्तर देणारा ट्रान्सपाँडर होता, पण त्याला उंची कळवणारी जोड नव्हती. नियंत्रक त्या सुमारास दुसऱ्याच एका आगंतुक छोट्या विमानाशी बोलण्यात गुंतला होता. विमानांतले 67 आणि जमिनीवरचे 15 जण मरण पावले. परवानगी न घेणे ही चूक होतीच. पण एका माणसाच्या चुकीने सगळी साखळी तुटावी, अशी व्यवस्था मुळात असूच नये. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानेही मुख्य दोष नियंत्रण व्यवस्थेच्या मर्यादांवरच ठेवला.

यानंतर उपाय झाले ते योग्य दिशेने. मोठ्या विमानतळांभोवती 30 सागरी मैलांच्या परिघात उंची सांगणारा ट्रान्सपाँडर सक्तीचा झाला. 30 पेक्षा जास्त आसनांच्या विमानांत टक्कररोधक टीकॅस यंत्रणा बसवणे बंधनकारक झाले. भारतातही 1996 च्या चरखी दादरीच्या हवाई टकरीनंतर असा नियम आला. पण टीकॅस दुसऱ्याच्या ट्रान्सपाँडरचे उत्तर ऐकते. ट्रान्सपाँडर बंद असेल तर तिच्या लेखी ते विमान आकाशात नाहीच. उंची कळत नसेल तर ती फक्त सावध करते, ‘वर चढा’ किंवा ‘खाली उतरा’ असा आदेश देऊ शकत नाही. ग्लायडर, फुगे आणि विद्युतव्यवस्था नसलेली जुनी विमाने यांना अमेरिकी सक्तीतून बरीच सूट आहे.

मोजणीचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. अहवाल येतो तो कोणाला तरी दिसलेल्या प्रसंगाचा. दोघांनाही न दिसता सुटलेले प्रसंग अशा नोंदीत येतच नाहीत. नासाची 1976 पासूनची गोपनीय अहवाल पद्धत मोलाची आहे, पण तिलाही हीच मर्यादा आहे. म्हणून रडारच्या आणि विमाने स्वतःचे स्थान प्रक्षेपित करतात त्याच्या नोंदी सतत चाळल्या पाहिजेत. जानेवारी 2025 मध्ये वॉशिंग्टनजवळ प्रवासी जेट आणि लष्करी हेलिकॉप्टर धडकून 67 जण गेले. त्यानंतर तपास मंडळाने जुन्या नोंदी पाहिल्या. ऑक्टोबर 2021 ते डिसेंबर 2024 या काळात त्या विमानतळाच्या परिसरात व्यापारी विमान आणि हेलिकॉप्टर धोकादायकरीत्या जवळ आल्याचे 15,214 प्रसंग निघाले. त्यांतल्या 85 प्रसंगी आडवे अंतर 1,500 फुटांपेक्षा आणि उभे अंतर 200 फुटांपेक्षा कमी होते. हे प्रक्षेपण नोंदींपुरतेच उरू नये: 2020 पासून लागू झालेल्या अमेरिकी नियमाने विमानांना ठरावीक क्षेत्रांत आपले स्थान प्रक्षेपित करणे भाग पाडले, पण इतरांचे प्रक्षेपण कॉकपिटमध्ये ऐकण्याची सक्ती त्यात केली नाही.