गेटसमोरचा उतार



सोसायटीचा इतिहास म्हटला की नोंदणी, भूखंड, कर्ज, बांधकाम, पहिली वार्षिक सभा हे सगळं ओघाने येतं. गेटसमोरच्या चार हात उताराचं नाव कोणी घेत नाही. खरं तर आपण सगळे तो रोज वापरतो, आणि तरीही तो सोसायटीच्या मालकीचा नाही. गेटबाहेर पाऊल टाकलं की जागा रस्त्याची. म्हणून तिथे काहीही करायचं तर परवानगी लागते. या परवानगीलाही एक इतिहास आहे.

जुन्या नगरात हा प्रश्नच नव्हता. माळीवाडा, तोफखाना भागातल्या वाड्यांना ओटा, दोन-तीन दगडी पायऱ्या आणि पुढे थेट गल्ली. फुटपाथच नाही, तर तो उतरवणार कुठून? नगरपालिका 1854 साली स्थापन झाली. पुढे रस्त्याकडेला गटारी आल्या आणि दारापुढच्या गटारीवर शहाबादी फरशी पडली. आजच्या उताराची ती पूर्वज. फरशीवरून सायकल जायची. मग स्कूटर आली, चारचाकी आली आणि फरशीच्या जागी सिमेंटचा ढापा आला. सावेडीकडे शहर पसरलं तसे नव्या रस्त्यांना फुटपाथ आले, आणि फुटपाथ उंच म्हणून प्रत्येक गेटपुढे उतार आला.

आपली नोंदणी झाली तेव्हा 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाखालची नगरपालिका होती, अर्जाचा मायना ‘मा. मुख्याधिकारी’ असा असायचा. 30 जून 2003 रोजी महानगरपालिका झाली, 1949 चा महानगरपालिका अधिनियम लागू झाला आणि मायना ‘मा. आयुक्त’ झाला. 2024 मध्ये खालचं गावाचं नावही बदलून अहिल्यानगर झालं. पंचवीस वर्षांत कागद दोनदा बदलला, तत्त्व मात्र तेच राहिलं: सार्वजनिक रस्त्यावर अडथळा होईल असं काही उभारायचं नाही. उभारलं, तर कलम 231 नुसार आयुक्त ते नोटीस न देताही काढू शकतात.

हा नियम जाचक वाटतो खरा. पण विनापरवाना ओतलेल्या उतारांनी काय होतं, ते कोणत्याही कॉलनीत जाऊन बघा. उतार गटारीत उतरला की पहिल्याच मोठ्या पावसात पाणी तुंबतं आणि शेजाऱ्याच्या दारात शिरतं. दर पन्नास पावलांवर फुटपाथ कापलेला, म्हणून चालणारा माणूस शेवटी रस्त्यावरूनच चालतो. वाहनाची सोय झाली, माणसाची गेली.

फुटपाथची कड उतरवायची कल्पना फक्त वाहनांसाठी नव्हती. अमेरिकेतल्या कॅलमझू शहरात 1940 च्या दशकात युद्धातून जखमी होऊन परतलेल्या सैनिकांसाठी असे उतार केले गेले. भिंगारच्या छावणीशेजारी राहणाऱ्या आपल्या गावाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे 1995 च्या अपंग व्यक्ती अधिनियमाच्या कलम 45 मध्ये व्हीलचेअरसाठी फुटपाथला उतार करण्याचं काम, आर्थिक कुवतीनुसार का होईना, शासन आणि स्थानिक संस्थांवर सोपवलं गेलं. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने ही जबाबदारी आणखी पक्की केली.

आता थोडा हिशेब. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे फुटपाथची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको आणि चालायला किमान 1.8 मीटर रुंदी हवी. व्हीलचेअरला चालेल असा उतार म्हणजे बारास एक. 15 सेंटिमीटर गुणिले 12 म्हणजे बरोबर 1.8 मीटर. म्हणजे गेटपासून रस्त्याकडे सरळ असा उतार केला, तर अख्खा फुटपाथच त्यात गेला! म्हणून रुंद फुटपाथ असेल तर तो गेटपुढेही सपाट चालू ठेवायचा आणि गाडीसाठी फक्त कडेला छोटा चढ द्यायचा. अरुंद असेल तर गेटपुरता फुटपाथच खाली घ्यायचा आणि दोन्ही बाजूंना चालण्याच्या दिशेने हळूहळू वर चढवायचा. गटार खालून मोकळी वाहिली पाहिजे, साफसफाईसाठी ढापा उचलता आला पाहिजे.

अर्ज करताना आधी रस्ता कोणाचा ते बघावं. महानगरपालिकेचा असेल तर तिच्याकडे, हमरस्ता असेल तर तो ज्या खात्याकडे आहे त्याच्याकडे. सोबत समितीचा ठराव, मंजूर नकाशाची प्रत आणि उताराची मापं दाखवणारं साधं रेखाचित्र जोडावं. पोच घ्यायला विसरू नये. उत्तर आलं नाही, तर अर्जाचं काय झालं हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं; त्याचं उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. या अधिकारासाठी लढा दिलेले अण्णा हजारे आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणचे.

नोंदणीच्या वेळी पंचेचाळिशीत असलेले आपले सभासद आज सत्तरीत आहेत. कोणाच्या हातात काठी आली, कोणाच्या वॉकर. तेव्हा उतार हवा होता तो स्कूटर आत घ्यायला. आता तो आपल्यालाच बाहेर पडायला हवा आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा आणि मापांसह रीतसर अर्ज करावा, ही विनंती.