लोखंडाचे स्मरण आणि विस्मरण

शाळेतील मुलालाही ठाऊक असलेला एक प्रयोग आहे. पोलादी सुईवर लोहचुंबक काही वेळ एकाच दिशेने घासला, म्हणजे सुईच्या अंगी चुंबकत्व येते आणि चुंबक दूर नेल्यावरही ते टिकून राहते. मऊ लोखंडाचा खिळा मात्र चुंबक जवळ आहे तोवरच टाचण्या उचलतो. चुंबक दूर होताच टाचण्या गळून पडतात. झालेला संस्कार पोलाद लक्षात ठेवते, मऊ लोखंड तो विसरते. ध्वनिमुद्रणाची फीत, संगणकाची तबकडी, विजेचे रोहित्र आणि विजेवर चालणारी मोटार ही सारी साधने या दोन गुणांवर उभी आहेत. कोणत्या पदार्थाने किती लक्षात ठेवावे आणि किती विसरावे, हे ठरविण्याचे सामर्थ्य माणसाच्या हाती कसे आले, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्या इतिहासातील कितीतरी महत्त्वाची पाने जपानात लिहिली गेली.

१८६८ च्या मेजी क्रांतीनंतर जपानने पाश्चात्त्य विद्या आत्मसात करण्याचा निर्धार केला आणि परदेशी अध्यापकांना आपल्या विद्यापीठात पाचारण केले. १८७८ मध्ये जेम्स आल्फ्रेड युइंग हा अवघा तेवीस वर्षांचा स्कॉटिश तरुण तोकियो विद्यापीठात यंत्रशास्त्राचा प्राध्यापक म्हणून आला. भूकंपाच्या या देशात त्याने भूकंपमापक यंत्रे तयार केली. आणि त्याच काळात लोखंडाच्या तारांवरही तो प्रयोग करू लागला. तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र वाढवावे, तसे तारेचे चुंबकत्व वाढते. पण क्षेत्र कमी करू लागले, तर चुंबकत्व आल्या वाटेने परत जात नाही, ते रेंगाळते. क्षेत्र शून्य झाले तरी काही चुंबकत्व मागे उरतेच, आणि ते पुसून टाकण्यासाठी उलट दिशेचे क्षेत्र लावावे लागते. ही सारी वाटचाल कागदावर रेखाटली, म्हणजे एक बंद वळसा तयार होतो. ‘मागे पडणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून युइंगने १८८१ मध्ये या वर्तनाला ‘हिस्टेरिसिस’ हे नाव दिले. मराठीत त्याला मंदायन म्हणतात.

त्याच सुमारास जर्मनीत एमिल वारबुर्ग यानेही स्वतंत्रपणे हेच शोधून काढले होते. या वळशाने वेढलेले क्षेत्रफळ म्हणजे प्रत्येक फेऱ्यात उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा होय, हे आता स्पष्ट झाले. वळसा रुंद असेल, तर तो पदार्थ आपले चुंबकत्व सहजासहजी सोडत नाही. त्याच्या या हट्टाला शास्त्रात निग्राहिता म्हणतात. वळसा अरुंद असेल, तर पदार्थ क्षणात चुंबक होतो आणि क्षणात ते विसरतो. पहिला प्रकार कायम चुंबकाच्या कामाचा, दुसरा रोहित्राच्या गाभ्याचा. पुढील शंभर वर्षांचे चुंबकीय संशोधन म्हणजे हा एक वळसा इकडे रुंद आणि तिकडे अरुंद करण्याचा उद्योग होता, असे म्हणावयास हरकत नाही.

अरुंद वळशाची निकड प्रथम युरोप-अमेरिकेला भासली. प्रत्यावर्ती विजेचा प्रसार होताच रोहित्रातील लोखंड सेकंदाला पन्नास-साठ वेळा हा फेरा करू लागले आणि तापू लागले. १८९२ मध्ये अमेरिकेत चार्ल्स स्टाइनमेट्झने या ऱ्हासाचे गणित मांडले. इंग्लंडात रॉबर्ट हॅडफील्डच्या प्रयोगांतून लोखंडात थोडे सिलिकॉन मिसळण्याची युक्ती निघाली आणि ऱ्हास पुष्कळच घटला. रुंद वळशाचे काम मात्र बराच काळ टंगस्टनयुक्त पोलादावरच अडले होते.

ती कोंडी कोतारो होंडा याने फोडली. १८७० मध्ये जन्मलेला होंडा तोकियोत शिकला, जर्मनीत धातूंचा अभ्यास करून परतला आणि १९११ मध्ये उत्तर जपानातील सेंदाई या शहरी, तोहोकू विद्यापीठात रुजू झाला. तीन वर्षांनी पहिले महायुद्ध पेटले. युरोपातून येणारे खास पोलाद बंद झाले. मोजमापाच्या उपकरणांना लागणारे चुंबक आणावयाचे कोठून, असा प्रश्न उभा राहिला. परावलंबनाची ही बोच होंडाच्या कामामागे होती. १९१७ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोखंडात कोबाल्ट, टंगस्टन आणि क्रोमियम मिसळून एक नवे पोलाद सिद्ध केले. त्याची निग्राहिता प्रचलित पोलादाच्या सुमारे तिप्पट होती. संशोधनासाठी देणगी देणारे उद्योगपती किचिझाएमॉन सुमितोमो यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव ‘के. एस. पोलाद’ असे ठेवण्यात आले. हे सुमितोमो घराण्याचे नाव या कथेत पुन्हा एकदा येणार आहे.

कोबाल्ट महाग होता. १९३१ मध्ये तोकियो विद्यापीठातील तोकुशिची मिशिमा याने कोबाल्टवाचून मार्ग काढला. लोखंडात निकेल पुरेसे घातले, की त्याचे चुंबकत्व मावळते, हे सर्वश्रुत होते. त्यात अ‍ॅल्युमिनियम घातले तर काय होईल, हे मिशिमा तपासीत होता. आढळले ते असे, की चुंबकत्व परत तर आलेच, शिवाय ते के. एस. पोलादाच्या जवळजवळ दुप्पट हट्टी झाले. जन्माचे आणि दत्तक अशा आपल्या दोन्ही कुळांच्या आद्याक्षरांवरून त्याने या मिश्रधातूला ‘एम. के.’ हे नाव दिले. पुढे जगभर ध्वनिक्षेपकांत वापरले गेलेले ‘अल्निको’ चुंबक याच वंशातले. तोकियोचे हे यश सेंदाईला स्वस्थ बसू देईना. होंडा आणि त्याचे सहकारी हाकारू मासुमोतो यांनी दोन-तीन वर्षांतच टायटॅनियम घालून ‘नवे के. एस.’ पोलाद पुढे आणले.

सेंदाईच्या त्याच प्रयोगशाळेने १९३२ मध्ये नेमक्या उलट गुणाचाही एक मिश्रधातू दिला. लोखंड, सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम यांचे हे मिश्रण चुंबकत्व अतिशय लवकर विसरणारे; पण इतके ठिसूळ, की त्याचा पत्रा करता येईना, भुकटीच करावी लागे. म्हणून त्याला ‘सेंडस्ट’, म्हणजे सेंदाईची धूळ, असे नाव पडले. ही धूळ दाबून केलेले गाभे दूरध्वनीच्या तारांसाठी उपयोगी पडले, पुढे ध्वनिमुद्रकाच्या शीर्षांत हा मिश्रधातू बसला, आणि विजेचे दाब बदलणाऱ्या आजच्या साधनांतही त्याचे गाभे आढळतात.

या सर्वांहून निराळा शोध तोकियोच्या तंत्रविद्यालयात लागला. तेथे योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई हे धातू सोडून धातूंच्या ऑक्साइडांचा, म्हणजे एका परीने गंजाचाच, अभ्यास करीत होते. १९३० मध्ये ताकेई एके संध्याकाळी मोजमापाच्या यंत्राची कळ बंद करण्यास विसरून घरी गेला, असे सांगतात. सकाळी येऊन पाहतो, तो चुंबकीय क्षेत्रात निवत गेलेला कोबाल्टयुक्त ऑक्साइडाचा तुकडा प्रबळ चुंबक झालेला! माणसाच्या विस्मरणातून पदार्थाचे स्मरण हाती आले. त्याच अभ्यासातून जस्तमिश्रित असा दुसरा, लवकर विसरणारा प्रकारही निघाला. या पदार्थांना फेराइट म्हणतात. त्यांचा मोठा गुण असा, की मातीच्या भांड्याप्रमाणे भाजून केलेल्या या पदार्थांतून वीज जवळजवळ वाहतच नाही. त्यामुळे सेकंदाला हजारो-लाखो वेळा दिशा बदलणाऱ्या प्रवाहांतही ते फारसे तापत नाहीत. १९३५ मध्ये फेराइटचे उत्पादन करण्यासाठी तोकियोत टी. डी. के. ही कंपनी निघाली. पुढच्या दशकात हॉलंडमधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्नूक याने या पदार्थांना अधिक परिपूर्ण केले. ट्रान्झिस्टर रेडिओच्या पोटात तारेचे वेटोळे गुंडाळलेली जी काळी कांडी असते, ती फेराइटची. खेड्यापाड्यांत आकाशवाणीचा आवाज या कांडीनेच वाऱ्यावरून टिपून घेतला.

फेराइटचे कार्य तेवढ्यावरच थांबले नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकेत गणकयंत्रांना विश्वासार्ह स्मृतीची आवश्यकता होती. मोहरीएवढ्या कड्यांची जाळी विणावी, प्रत्येक कड्यातून उभी-आडवी तार ओवावी, आणि प्रत्येक तारेतून निम्माच प्रवाह सोडावा. जेथे दोन तारा एकमेकींना छेदतात, तेथलेच कडे उलटते. बाकीची आपल्या हट्टावर कायम राहतात. एका दिशेचे चुंबकत्व म्हणजे शून्य, दुसऱ्या दिशेचे म्हणजे एक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेले आणि १९६० मध्ये कार्यान्वित झालेले ‘टिफरॅक’ हे गणकयंत्रही अशाच स्मृतीचे होते. त्यात ४० अंकी असे २,०४८ शब्द साठविण्याची सोय होती. म्हणजे एका अंकास एक या हिशोबाने ८१,९२० कडी. या देशातील यंत्राने आपली पहिली आकडेमोड फेराइटच्या आधाराने लक्षात ठेवली.

आवाजाची कथा याहून जुनी. डेन्मार्कचा वाल्डेमार पोलसेन याने १८९८ मध्येच पोलादी तारेवर बोलणे मुद्रित केले होते. पण तो आवाज क्षीण आणि विकृत असे. तोहोकू विद्यापीठातील केंझो नागाई आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३८ मध्ये आवाजाच्या प्रवाहात एक अतिशय जलद, कानाला ऐकू न येणारा प्रवाह मिसळला. त्या कंपनाने चुंबकीय कण जणू सैल होतात आणि आवाजाचा ठसा जसाच्या तसा घेतात. अमेरिकेत आणि जर्मनीतही हे तंत्र स्वतंत्रपणे हाती आले होते. महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या जपानात ‘तोकियो त्सुशिन कोग्यो’ या लहानशा कंपनीने नागाईच्या हक्कांत वाटा विकत घेतला आणि १९५० मध्ये फितीचा ध्वनिमुद्रक बाजारात आणला. हीच कंपनी पुढे ‘सोनी’ या नावाने प्रसिद्ध झाली.

नागाईच्या तालमीत तयार झालेला शुनिची इवासाकी हा या परंपरेचा पुढचा वारस. संगणकाच्या तबकडीवरील खुणा तोवर पृष्ठभागाशी समांतर, आडव्या असत. त्या जितक्या दाट कराव्यात, तितक्या शेजारच्या खुणा एकमेकींना पुसू पाहतात. इवासाकीने १९७७ मध्ये सुचविले, की चुंबकत्व उभे करावे. उभ्या खुणा शेजारणीला क्षीण करीत नाहीत, उलट आधार देतात. विचार साधा होता, पण उद्योग आडव्या मुद्रणातच प्रगती करीत राहिला. अखेर आडव्या खुणांची मर्यादा जवळ आली, आणि २००५ मध्ये तोशिबा कंपनीने उभ्या मुद्रणाची पहिली तबकडी विक्रीस काढली. एका कल्पनेने अठ्ठावीस वर्षे वाट पाहिली.

वाट पाहण्याची अशीच पाळी मासातो सागावा याच्यावर आली. १९७० च्या दशकात सर्वांत प्रबळ चुंबक समेरियम आणि कोबाल्ट यांचा होता. दोन्ही द्रव्ये दुर्मिळ. त्यात १९७८ मध्ये झाईरेतील यादवीमुळे कोबाल्टचे भाव कित्येक पटींनी चढले. विपुल अशा लोखंडाचाच असा चुंबक का होऊ नये, हा प्रश्न सागावाने त्याच वर्षी एका परिसंवादात ऐकता ऐकता स्वतःशी केला. तो ज्या कंपनीत होता, तिला या विषयात रस नव्हता. १९८२ मध्ये ती नोकरी सोडून तो सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये गेला. के. एस. पोलादाला आपली आद्याक्षरे देणाऱ्या सुमितोमो घराण्याच्या उद्योगसमूहातलीच ही कंपनी. तेथे काही महिन्यांतच निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा चुंबक सिद्ध झाला. अमेरिकेत जनरल मोटर्सचा जॉन क्रोट हाही निराळ्या पद्धतीने त्याच द्रव्यापर्यंत पोहोचला होता. १९८३ मध्ये दोघांचेही शोध जगापुढे आले. या जातीचे उत्तम चुंबक होंडाच्या पोलादाहून ऊर्जेच्या हिशोबाने सुमारे पन्नासपट प्रबळ असतात. तबकडीवर शीर्ष फिरविणारा दांडा, पवनचक्क्यांतील जनित्रे आणि विजेच्या मोटारगाड्या यांत ते बसले, आणि साठवण व शक्ती ही दोन क्षेत्रे एकाच चुंबकापाशी एकत्र आली.

तथापि या चुंबकात एक उणीव आहे. उष्णता वाढली, की त्याचा हट्ट सैल होतो. गाडीच्या तापणाऱ्या मोटारीत तो टिकावा, म्हणून त्यात डिस्प्रोशियम हे आणखी दुर्मिळ द्रव्य घालावे लागले. २०१० मध्ये चीन आणि जपान यांच्यात सागरी वाद उद्भवला, आणि या द्रव्यांची जपानला होणारी निर्यात काही काळ अडली. त्या वेळी अशा खनिजांचे जगातील ९० टक्क्यांहून अधिक उत्पादन चीनमध्ये होत होते. होंडाच्या काळी युरोपचे पोलाद अडले, सागावाच्या काळी कोबाल्ट अडला, आता डिस्प्रोशियम अडले. उत्तरही जुन्याच वळणाचे होते: ते द्रव्य सर्वत्र न मिसळता कणांच्या कडांपुरतेच मुरवावे आणि थोडक्यात काम भागवावे, यावर संशोधकांनी भर दिला. भारताच्या दृष्टीने ही गोष्ट दूरची नाही. केरळच्या किनाऱ्यावरील मोनॅझाइट वाळूत निओडिमियम आहे, आणि तिच्यावर प्रक्रिया करण्यासाठी इंडियन रेअर अर्थ्स ही संस्था १९५० मध्येच स्थापन झाली होती. परंतु वाळूपासून चुंबकापर्यंतचा मार्ग खाणीपेक्षा प्रयोगशाळेतूनच अधिक जातो, हे जपानच्या उदाहरणावरून दिसते. त्या देशाजवळ वाळूही नव्हती.

स्मरणाच्या या वैभवापुढे विस्मरणाकडे दुर्लक्ष होण्याचा संभव आहे. पण जगातील असंख्य रोहित्रे रात्रंदिवस तो फेरा करीत असतात, आणि प्रत्येक फेऱ्यात थोडी वीज व्यर्थ जाते. १९८८ मध्ये हिताची मेटल्सच्या योशिझावा आणि सहकाऱ्यांनी लोखंडात सिलिकॉन, बोरॉन, तांबे व नायोबियम घालून, सुमारे दहा नॅनोमीटर आकाराच्या सूक्ष्म स्फटिकांची एक पातळ फीत तयार केली. तिचा वळसा विलक्षण अरुंद आहे. कण लहान केले की चुंबक हट्टी होतो, असा तोवरचा अनुभव होता. पण ते याहून लहान केले, की तो हट्ट एकाएकी ओसरतो, हे या फितीने दाखविले.

युइंग १८८३ मध्ये स्वदेशी परतला. त्याने तोकियोत रेखाटलेली ती आकृती विद्यार्थी आजही पहिल्या काही धड्यांतच काढतात. तिच्यात एकही किमती द्रव्य नव्हते. लोखंडाची तार आणि प्रत्येक बदल सावकाशीने टिपून ठेवण्याची चिकाटी, एवढेच तिचे भांडवल होते. ज्या देशात ती प्रथम रेखाटली गेली, त्या देशाने ती जपली, तिच्यावर पिढ्यान् पिढ्या काम केले, आणि खनिजांची उणीव ज्ञानाने भरून काढली.