रथ म्हणजे नेमकं काय? जुनी स्पोर्ट्स कार घेण्यापूर्वी

तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस मोटारीवर बोलणार म्हटल्यावर पेणमध्ये काहींना नवल वाटलं. मी काही गॅरेजचा माणूस नाही. पण गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. धाटावच्या कारखान्यातून नुकताच निवृत्त झालेला. म्हणाला, "सर, रोह्याच्या बाजूला एका वाड्याच्या पडवीत एम.जी. टीडी उभी आहे. घेऊ का?" प्रॉव्हिडंट फंडातला मोठा हिस्सा त्यात जाणार होता, आणि त्यावरून घरी अबोला चालू होता. म्हणून मी वाचायला बसलो, आणि मग त्याच्याबरोबर गाडी बघायलाही गेलो.

आधी थोडा इतिहास, कारण काय तपासायचं ते इतिहासच सांगतो. टीडी ही इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातली दोन सीटची उघडी गाडी, 1950 ते 1953 मधली. एकूण 29,664 बनल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. युद्धानंतर ब्रिटनला डॉलर हवे होते. (चेसिस नंबर 0251 पासून सुरू, कारण कारखान्याचा टेलिफोन नंबर 251 होता. असली माणसं मला आवडतात.) स्वातंत्र्याच्या आगेमागे अशा थोड्या गाड्या आपल्याकडेही उतरल्या. मग 1953 साली सरकारने ठरवलं, की इथे उत्पादन करणार असाल तर थांबा, नुसती जुळणी करायची असेल तर नको. 1928 पासून मुंबईत मोटारी जुळवणाऱ्या जनरल मोटर्सने 1954 मध्ये गाशा गुंडाळला. मागे राहिली मुख्यतः उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसॅडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. एम.जी.चे सुटे भाग मिळेनासे झाले. गाडी तर चालवायची होती. मग जे हाताशी होतं ते बसवलं गेलं. ती माणसं लबाड नव्हती, अडलेली होती. पण 70 वर्षांनी ग्राहक म्हणून आपण उभे राहतो, तेव्हा प्रश्न पडतो, की ही गाडी तीच का?

हा प्रश्न जुना आहे. 'मिलिंदपन्ह'मध्ये नागसेन भिक्षू मिलिंद राजाला, म्हणजे ग्रीक मेनँडरला, विचारतो की तू रथातून आलास ना? मग आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो आणि शेवटी कबूल करतो, की या सगळ्यांच्या जोडणीला व्यवहारात आपण रथ म्हणतो. मी हे वर्षानुवर्षं शिकवलं. त्यात पैसे अडकतील असं कधी वाटलं नव्हतं.

लंडनच्या हायकोर्टात मात्र ते अडकले. 1929 आणि 1930 या दोन्ही वर्षी ल माँची शर्यत जिंकलेली बेंटली, 'ओल्ड नंबर वन', एक कोटी पौंडांना विकायचं ठरलं होतं. घेणारा म्हणाला, ही ती गाडीच नव्हे, हिच्यात मूळचं जवळजवळ काही उरलेलं नाही. ते खरंही होतं. 1932 मध्ये ब्रुकलँड्सच्या जीवघेण्या अपघातानंतर ती पुन्हा बांधलेली होती. 1990 साली न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला, की भाग बदलत गेले तरी गाडीचं अस्तित्व सलग आहे, तेव्हा ती 'ओल्ड नंबर वन'च. म्हणजे एका अर्थी नागसेनाचीच बाजू.

आपला नियम इतका उदार नाही. 2021 च्या केंद्रीय नियमाप्रमाणे व्हिंटेज नोंदणी 50 वर्षांवरच्या गाडीला मिळते. फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. नवा नंबर घेतला तर त्यात 'व्हीए' ही अक्षरं येतात. रोजच्या वापराला ती चालत नाही. आणि मुख्य अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणून बॅटरी लावण्याआधी आरसी बुक उघडा. त्यात कुलाबा लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. आज पेणमध्ये पासिंग होतं ते एमएच-06, पण 1981 पर्यंत आपला जिल्हा कुलाबाच होता. बुकातला चेसिस नंबर गाडीवर ठोकलेल्या आकड्याशी जुळवा. नुसत्या पट्टीवर जाऊ नका, पट्टी कुणीही करून आणतं.

मग लाकूड. होय, लाकूड! टीडीची चेसिस लोखंडी, पण पत्र्याखाली बॉडीचा सांगाडा अ‍ॅश नावाच्या विलायती लाकडाचा. कोकणात त्याचं काय होणार, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाऊस, खाडीची खारी हवा आणि वाळवी. दार अर्धं उघडा आणि टोकाशी धरून हलकेच वर उचला. बिजागरीपाशी खालीवर झालं तर आतला खांब गेला. आमच्या गाडीचं डावं दार चांगलं दोन बोटं वर आलं. उजवीकडे कुणा सुताराने सागाचा खांब घातला होता आणि तो मात्र ठणठणीत! पत्र्यावर कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवायचं. जिथे धरत नाही तिथे लांबी भरलेली. रंग लागला की खालची भेग दिसत नाही, हे मूर्तिकारांच्या गावात काय सांगायचं.

इंजिनापाशी मात्र खरी गोम निघाली. मूळ इंजिन 1250 सीसीचं. त्याच्या बोल्टांचे आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थ मापाची. हा हॉचकिस नावाच्या फ्रेंच कंपनीकडून आलेला वारसा. त्यामुळे आपल्याकडे भलतेच बोल्ट दामटून आटे मेलेले असतात, ते बघायचं ठरवूनच आम्ही बॉनेट उघडलं. आत अ‍ॅम्बॅसॅडरचं 1489 सीसीचं इंजिन. गंमत अशी, की 1955 च्या एम.जी.ए. गाडीत याच घराण्यातलं 1489 सीसीचं इंजिन होतं. म्हणजे भाऊबंदच, परका नव्हे. पण बुकात नंबर अजून जुन्या इंजिनाचा. मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, "मूळचं वडिलांच्या वेळेसच भंगारात गेलं हो."

विद्यार्थी माझ्याकडे बघत राहिला. "सर, नागसेन काय म्हणाला असता?" मी म्हटलं, नागसेनाला पासिंग करायचं नव्हतं. तूर्त त्याने बयाणा दिलेला नाही. इंजिनबदलाची नोंद मालकांनी आधी करून घ्यावी, आणि भाव व्हिंटेजचा न धरता जुन्या बदललेल्या गाडीचा धरावा, असा निरोप दिला आहे. मालक विचार करतो म्हणाले. गाडी पडवीतच आहे, आणि यंदाचा पाऊसही तिने तिथेच काढला.