छंद आणि चरितार्थ : वऱ्हाडातील दोन लेखक

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांनी वऱ्हाडात, जळगाव-जामोद येथे, वकिली केली. चरितार्थाचा भार वकिलीवर असल्याने नाट्य व विनोद हे त्यांचे स्वेच्छेचे क्षेत्र राहिले. अमरावतीचे उद्धव शेळके यांची स्थिती निराळी होती. ‘धग’ (१९६०) मध्ये कौतिकची झुंज त्यांनी वऱ्हाडी बोलीच्या बळावर साकार केली. पुढे मात्र लेखणी हेच उपजीविकेचे साधन झाले आणि लोकप्रिय कादंबऱ्या एकामागून एक निघाल्या. या विपुलतेस स्फूर्तीचा ऱ्हास म्हणणे एकांगी होय. ‘धग’चे सामर्थ्य कष्टकऱ्यांच्या बोलीत आहे, आणि बोली सावकाश ऐकावी लागते. पोटासाठी लिहिणाऱ्यास उणीव भासते ती स्फूर्तीची नव्हे, त्या ऐकण्याच्या सवडीची.