बिनदाराची जीप : शेतवाटेवर सोयीची, डांबरी रस्त्यावर जोखमीची

जवळा बाजार, प्रतिनिधी - हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजारसारख्या बाजारगावांना जीपगाडी नवी नाही. एसटी न पोचणाऱ्या वाड्यावस्त्यांवरून माणसे आणि माल बाजाराला आणण्याचे काम मराठवाड्यात वर्षानुवर्षे जीपनेच केले. कॅनव्हासचे छत, मागे समोरासमोर दोन बाकडी आणि दारांच्या जागी मोकळी हवा, असे तिचे रूप सर्वांच्या परिचयाचे आहे. अलीकडे हौसेखातर जीप घेणाऱ्या शहरी तरुणांमध्येही दारे काढून गाडी फिरवण्याची आवड दिसते. अशी गाडी चालवणे कितपत सुरक्षित आहे, याचे उत्तर ती कोठे आणि किती वेगाने चालते, यावर अवलंबून आहे.

दारे मुळात नव्हतीच

जीपचा जन्म युद्धासाठी झाला. अमेरिकेत १९४१ पासून तयार झालेल्या विलीज जीपला दारे नव्हती. सैनिकाला क्षणात उडी मारून उतरता यावे आणि गाडीचे वजन कमी राहावे, हा त्यामागील हेतू होता. दाराच्या मोकळ्या जागेत आडवा पट्टा लावण्याची सोय मात्र होती. माणूस बाहेर फेकला जाण्याची भीती त्या काळीही ओळखली गेली होती. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत या जीपच्या जुळणीस प्रारंभ केला आणि हीच घडण पुढे खेडोपाडी पोचली. लष्कराची गरज मात्र वेगळी होती. बाजाराला निघालेल्या कुटुंबाला धावत्या गाडीतून उडी मारायची नसते.

दार नेमके काय करते?

दार म्हणजे केवळ पाऊस आणि धूळ अडवणारा पत्रा नव्हे. आधुनिक गाडीच्या दारात पोलादी आडवी पट्टी असते. बाजूने धडक बसली, तर ती धक्क्याचा काही भाग झेलते आणि समोरचे वाहन आत घुसण्याचे प्रमाण कमी करते. समोरून धडक बसते तेव्हा गाडीपुढे बॉनेट आणि इंजिन असते. बाजूने मात्र प्रवासी आणि धडकणारे वाहन यांच्यात जेमतेम वीतभर अंतर असते. दार काढले, तर तेवढाही आडोसा उरत नाही.

दाराचे दुसरे काम माणसाला गाडीत राखण्याचे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९५० च्या दशकात अपघातांचा अभ्यास झाला. धडकेत दार उघडून बाहेर फेकली गेलेली माणसे गाडीत राहिलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात दगावतात, असे त्यातून दिसून आले. त्यानंतर मोटार उत्पादकांनी दारांच्या कड्या अधिक मजबूत केल्या. 'बाहेर फेकले गेलो तर वाचू' हा समज आपल्याकडे अजूनही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. बाहेर पडलेल्या माणसाला रस्ता, दगड, मागून येणारे वाहन आणि अनेकदा उलटणारी स्वतःचीच गाडी यांचा सामना करावा लागतो.

वळणावरचे गणित

अपघात झाला नाही, तरी धोका असतोच. समजा, गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने ३० मीटर त्रिज्येच्या वळणावरून जात आहे. आतील ६० किलो वजनाच्या माणसाला बाहेरच्या बाजूला सुमारे २५ किलो वजनाइतकी ओढ जाणवते. गाडी उजवीकडे वळली, तर डाव्या बाजूस बसलेली व्यक्ती उघड्या बाजूकडे सरकते. हाती दांडा घट्ट धरलेला असेल तर ती सावरते. मांडीवर मूल किंवा हातात पिशवी असेल, तर सावरणे कठीण होते. तेच वळण ६० च्या वेगाने घेतले, तर ही ओढ दुपटीहून अधिक होते.

जीपची उंची आणि जमिनीपासूनचे अंतर जास्त असल्याने तिचा गुरुत्वमध्यही उंच असतो. त्यामुळे साध्या मोटारीपेक्षा ती उलटण्याची शक्यता अधिक असते. बिनदाराच्या गाडीत अशा वेळी सीटबेल्ट हाच मुख्य आधार उरतो. बेल्ट धडाला जागेवर राखतो. हात आणि पाय मात्र बाहेर जाऊ शकतात आणि उलटत्या गाडीखाली सापडू शकतात.

या भागातील रस्त्यांचा आणखी एक विचार करावा लागतो. ऊसतोडीच्या हंगामात काठोकाठ भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. बाहेर आलेले ऊस शेजारून जाणाऱ्या गाडीला घासतात. दार असले, तर ओरखडा पत्र्यावर उमटतो. दार नसेल, तर तो चालकाच्या खांद्यावर किंवा चेहऱ्यावर उमटतो. शिवाय अनेक नव्या गाड्यांचे बाजूचे आरसे दारावरच बसवलेले असतात. दारासोबत आरसाही जातो आणि मागून येणारे वाहन दिसत नाही.

उपयोग कोठे आहे?

बिनदाराच्या गाडीचा फायदा मुळीच नाही, असे नव्हे. पाणंद रस्त्यावर, नाल्याच्या काठाने किंवा खडकाळ चढावर चालकाला वाकून चाक नेमके कोठे पडते ते पाहता येते. उतरणे-चढणे सोपे जाते. वेग माणसाच्या चालण्याइतकाच असतो. त्यामुळे पाठीमागे मजबूत रोल केज असेल आणि बेल्ट लावलेला असेल, तर धोका मर्यादित राहतो. पुण्याजवळील रांजणगाव येथे २०२१ पासून जुळणी होत असलेल्या जीप रँग्लर या गाडीची दारे काढता येतील अशीच रचना आहे. तरीही दारे काढून सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवू नये, ही सोय केवळ आडवाटेसाठी आहे, अशी सूचना उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेली आहे.

महिंद्र थार या गाडीला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे मिळाले. हे गुण कंपनीने बनवलेल्या संपूर्ण गाडीचे होते. दारे उतरवलेल्या गाडीला ते लागू करता येत नाहीत.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२ अ अंतर्गत बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद झाली. कलम १२३ नुसार पायफळीवर किंवा गाडीच्या सांगाड्याबाहेर प्रवासी नेण्यास मनाई आहे. दाराच्या जागी एक पाय बाहेर सोडून लटकणारा प्रवासी या मनाईच्या कक्षेत येतो. मूळ रचनेत बदल केलेल्या गाडीच्या विम्याचा दावाही वादात सापडू शकतो. जुन्या गाडीला मुळातच दारे नसतील, तर प्रश्न बदलाचा राहत नाही. धोका मात्र तोच राहतो.

ही काळजी घ्यावी

* दारे काढायचीच असतील, तर ती आडवाटेवर पोचल्यावर काढावीत आणि डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी पुन्हा बसवावीत.
* प्रत्येकाने सीटबेल्ट लावावा. बेल्ट नसलेल्या आसनावर कोणालाही बसवू नये.
* लहान मुलांना उघड्या बाजूस बसवू नये, मांडीवरही घेऊ नये.
* पाय बाहेर सोडू नये, हात बाहेरच्या दांड्यावर ठेवू नये.
* दारावरचे आरसे निघत असतील, तर पर्यायी आरसे काचेच्या चौकटीला आधी बसवून घ्यावेत.
* जुन्या बिनदाराच्या जीपला उघड्या बाजूंवर किमान आडवा पट्टा किंवा साखळी लावावी. तो दाराला पर्याय नव्हे. धक्क्याने घसरणाऱ्या माणसाला मात्र तो क्षणभर थोपवू शकतो.

शेताच्या बांधापर्यंत जाणाऱ्या मंद गाडीला दार नसले, तरी फारसे बिघडत नाही. तीच गाडी परभणी-हिंगोली मार्गावर ट्रकच्या बरोबरीने धावू लागली, की दाराची उणीव भरून काढणारे कौशल्य कोणत्याही चालकाकडे नसते.