दंडकारण्य : राक्षसांच्या अरण्याचा बीड जिल्ह्यातील माग

रामायणातील राक्षसांचे वसतिस्थान म्हणून ख्यात असलेले दंडकारण्य हे भारतीय वाङ्मयातील सर्वांत भयप्रद अरण्य होय. महाराष्ट्रात मात्र त्याचे नाव पोथीपुरते उरलेले नाही. धार्मिक विधीच्या प्रारंभी संकल्प सोडताना पुरोहित स्थळाचा उच्चार करतात, तो दंडकारण्य देशाचा आणि गोदावरीच्या तीराचा. गोदावरी बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. त्यामुळे जिल्ह्याचे अकराही तालुके नदीच्या दक्षिण तीरावर, म्हणजेच या संकल्पानुसार थेट दंडकारण्यात मोडतात.

या अरण्याच्या उत्पत्तीची कथा वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात अगस्ती ऋषी रामाला सांगतात. इक्ष्वाकूचा पुत्र दंड हा विंध्य आणि शैवल पर्वतांमधील समृद्ध प्रदेशाचा राजा होता. त्याने आपले गुरू शुक्राचार्य यांची कन्या अरजा हिच्यावर अत्याचार केला. संतप्त शुक्राचार्यांच्या शापाने सात दिवस धुळीचा वर्षाव झाला आणि शंभर योजनांचे राज्य नष्ट होऊन तेथे निर्जन रान माजले. तपस्वी जेथे जाऊन राहिले, तो भाग जनस्थान म्हणून ओळखला जाऊ लागला. पावसाऐवजी धूळ पडून ओसाड झालेल्या मुलखाची ही कथा बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात वाचताना अंमळ निराळी वाटते, हे मान्य करावे लागेल.

अरण्यकांडातील राक्षस एकाच साच्याचे नाहीत. विराध हा शस्त्राने न मरणारा, म्हणून राम-लक्ष्मणांनी त्याला खड्ड्यात पुरले. कबंधाला मस्तकच नाही. त्याचे तोंड पोटावर असून हात योजनभर लांब आहेत. इल्वल ब्राह्मणाचे सोंग घेऊन संस्कृत बोलतो, श्राद्धाचे आमंत्रण देतो आणि मेंढ्याच्या रूपातील आपला भाऊ वातापी याला शिजवून पाहुण्यांना वाढतो. खर, दूषण आणि त्रिशिर यांच्यासह चौदा हजारांची सेना जनस्थानात तळ देऊन आहे. मारीच हवे ते रूप घेऊ शकतो. विशेष म्हणजे विराध आणि कबंध हे दोघेही शापित जीव असून मृत्यूनंतर मूळ रूपात येतात. कबंध तर जाता जाता सुग्रीवाची भेट घेण्याचा सल्ला देऊन पुढच्या कथेची दिशाच ठरवून जातो.

याच कांडात एक प्रसंग आहे, ज्याकडे कीर्तन-प्रवचनांतून क्वचितच लक्ष दिले जाते. ऋषी रामाला राक्षसांनी मारलेल्या तपस्व्यांचे अवशेष दाखवितात आणि राम त्यांना संरक्षणाचे वचन देतो. त्यावर सीता आक्षेप घेते. ज्यांनी आपले काही वाकडे केलेले नाही, त्यांना केवळ राक्षस म्हणून मारणे योग्य नव्हे, असे तिचे म्हणणे आहे. इंद्राने ठेव म्हणून दिलेली तलवार सतत जवळ बाळगल्याने क्रूर बनलेल्या एका तपस्व्याचा दाखलाही ती देते. राम दिलेल्या वचनाचा हवाला देऊन तिचे म्हणणे बाजूला सारतो. अरण्यात राहणारा प्रत्येक जण शत्रूच असतो काय, हा प्रश्न महाकाव्याने स्वतःच विचारून ठेवला आहे. इरावती कर्वे यांनीही ‘युगान्त’मध्ये खांडववनाच्या दहनाचा विचार करताना जळालेल्या वनातील रहिवाशांकडे वाचकांचे लक्ष वळविले.

बीड जिल्ह्यात या अरण्याच्या खुणा बालाघाटाच्या रांगांलगत आढळतात. गोदावरीकाठचा सखल, काळ्या मातीचा पट्टा म्हणजे गंगथडी, आणि त्याच्या दक्षिणेकडील उंच, खडकाळ पठार म्हणजे बालाघाट. मांजरा नदी याच डोंगरात, पाटोदा तालुक्यात उगम पावते.

बीड शहरातील जटाशंकर मंदिर हे जटायूच्या मृत्यूचे स्थान मानले जाते. सीतेला घेऊन जाणाऱ्या रावणाशी झुंजताना पंख तुटलेला जटायू येथे पडला, अशी आख्यायिका आहे. नाशिक जिल्ह्यातील टाकेद, आंध्र प्रदेशातील लेपाक्षी आणि केरळातील चडयमंगलम येथेही हाच दावा सांगितला जातो. चडयमंगलमला तर 2018 मध्ये जटायूचे प्रचंड शिल्प लोकांसाठी खुले झाले. एका पक्ष्याने चार ठिकाणी देह ठेवला, हे भूगोलाला पटणारे नाही. पण अरण्य आपल्याच गावापासून सुरू होत होते, ही भावना चारही ठिकाणी सारखी दिसते.

अंबाजोगाईची योगेश्वरी ही दंतासुराचा वध करणारी देवता. कोकणातील अनेक घराण्यांचे ते कुलदैवत आहे. देवीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले होते, परंतु मुहूर्त टळल्याने वऱ्हाड जागच्या जागी दगडाचे झाले, असे परिसरात सांगितले जाते. जयंती नदीकाठच्या हत्तीखाना लेण्यांतील पाषाणाचे हत्ती त्याची साक्ष म्हणून दाखविले जातात. परळीच्या ज्योतिर्लिंगाची कथाही दानवांशी निगडित आहे. समुद्रमंथनातून निघालेले अमृत विष्णूने या लिंगात लपविले. दानवांनी स्पर्श करताच त्यातून ज्वाळा निघाल्या आणि भक्तांनी स्पर्श केला तेव्हा अमृतधारा वाहिल्या, अशी श्रद्धा आहे.

डोंगरउतारावर आपोआप वाढणाऱ्या सीताफळाचे नाते लोकमानस सीतेच्या वनवासाशी जोडते. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे झाड मात्र मूळचे अमेरिका खंडातले. रामायणकाळी ते येथे असणे शक्य नाही.

महाकाव्यातील राक्षसांखेरीज गावोगावचे अरण्य वेगळेच आहे. शिवेवर शेंदूर फासलेला म्हसोबा, विहिरी-डोहांवर साती आसरा, पिंपळावर मुंजा, ओसाड जागी खवीस आणि हडळ. यांतील म्हसोबा आणि आसरा यांना नैवेद्यही दाखविला जातो. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने महाराष्ट्रातील धनगर आणि पशुपालकांच्या दैवतांचा अभ्यास करताना वन आणि क्षेत्र, म्हणजे रान आणि वसलेली नांगरट, या दोहोंतील देवाणघेवाण दाखवून दिली. रानातले भय गावात आले की त्याचे दैवत होते, असे या शेंदरी दगडांकडे पाहून म्हणता येते.

राक्षस हा शब्द सातासमुद्रापारही गेला आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा काल्पनिक जगात पात्रे घेऊन खेळण्याचा खेळ अमेरिकेत 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील अक्राळविक्राळ प्राण्यांच्या 1977 च्या ग्रंथात राक्षसाचाही समावेश आहे. त्याचे चित्र वाघाच्या डोक्याचे असून तो ऐटीत पाइप ओढताना दिसतो. मारीचाचे मायावी रूप त्यात थोडेफार उतरले आहे. कबंधाची कल्पकता त्या वाघाला साधलेली नाही.

प्रत्यक्षात बीड जिल्ह्यात जंगल नगण्य उरले आहे, तरी भय संपलेले नाही. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. ऐन रब्बीच्या हंगामात शेतात जाण्यास लोक धजेनात. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातही बळी गेले आणि डिसेंबरमध्ये तेथे त्या बिबट्याला गोळ्या घालण्यात आल्या. 2021 च्या डिसेंबरमध्ये माजलगाव तालुक्यातील लवूळ गावात माकडे कुत्र्यांची पिल्ले उचलून उंचावर नेत असल्याचे वृत्त आले. अडीचशे कुत्री मारल्याचा आकडा जगभर फिरला, त्याला सूडाचे रूप देण्यात आले. वन विभागाच्या पथकाने पकडली ती माकडे दोन होती. आख्यायिका तयार व्हायला युगे लागतातच असे नाही.

दंडकारण्य हे नाव आज छत्तीसगडमधील बस्तर, ओडिशातील कोरापूट-मलकानगिरी आणि लगतच्या वनप्रदेशासाठी वापरले जाते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी 1958 मध्ये हाती घेतलेल्या प्रकल्पालाही हेच नाव होते. बीडमध्ये अरण्याचा अनुभव घ्यायचा तर पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य गाठावे लागते. 1994 मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे 30 चौरस किलोमीटर असून मोर हे त्याचे मुख्य आकर्षण आहे. याच तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेलगत सौताडा येथे विंचरणा नदीचा धबधबा खोल दरीत कोसळतो. दरीच्या तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. धबधबा पाहायचा तर पावसाळ्यातच जावे. उन्हाळ्यात तेथे केवळ कोरडा कडा उरतो.